एकच गोळी, निरनिराळी मूत्रपिंडे

एचआयव्हीवरील उपचार आज जन्मभर चालणारे आणि बहुतांशी सुखाने चालणारे उपचार झाले आहेत. दिवसातून एक गोळी नेमाने घेणारा मनुष्य नोकरी-धंदा करतो, संसार करतो, म्हातारपणही पाहतो. याच गोळीतील एक घटक टेनोफोविर नावाचा आहे. तो बहुतेकांना वर्षानुवर्षे निर्धोकपणे चालतो. थोड्यांच्या मूत्रपिंडांवर मात्र त्याचा भार पडतो. औषध तेच, मात्रा तीच, काळही तितकाच, तरी परिणाम निरनिराळे का होतात, हा प्रश्न गेली वीस-बावीस वर्षे संशोधकांपुढे आहे. वय, वजन, मधुमेह, रक्तदाब, सोबतची इतर औषधे ही कारणे सर्वज्ञात आहेत. परंतु ही सर्व कारणे सारखी असलेल्या दोघांतही फरक दिसतो, आणि तेथे शोध जन्मतः मिळालेल्या जनुकांकडे वळतो.

भारतात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि राज्यनिहाय पाहता त्यांतील सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात आहे. त्यांत व्यापारी, अडते, गुमास्ते, वाहनचालक, गृहिणी असे सगळे आले. हेच टेनोफोविर ‘ब’ प्रकारच्या काविळीच्या जुनाट संसर्गावरही दिले जाते. तेव्हा हा विषय दूरच्या कोणाचा नाही.

प्राग ते मुंबई

टेनोफोविरचा रेणू प्रथम घडला तो तत्कालीन चेकोस्लोव्हाकियाच्या राजधानीत, प्रागमध्ये. तेथील सेंद्रिय रसायन व जीवरसायन संस्थेतील आंतोनिन होली आणि बेल्जियमच्या ल्यूवेन विद्यापीठातील एरिक द क्लर्क या दोघांच्या दीर्घ सहकार्यातून विषाणूविरोधी औषधांचे एक संपूर्ण घराणे जन्मास आले. टेनोफोविर त्यांतले सर्वांत यशस्वी. २००१ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली.

त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा एचआयव्ही उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी जाहीर केली होती. पाश्चात्त्य देशांत तोच उपचार वर्षाला १०,००० डॉलरहून अधिक किमतीला मिळत असे. त्या स्वस्त उपचारात टेनोफोविर नव्हते. त्यात स्टॅव्ह्युडीन होते. या औषधाने प्राण वाचत, पण हातापायांच्या नसा दुखावत आणि गालांतील चरबी झडून चेहरा खंगल्यासारखा दिसे. रुग्णाने काही न सांगताही त्याचा चेहराच आजार सांगून टाकी. २००९ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने स्टॅव्ह्युडीन टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली. त्याच वर्षी भारतीय पेटंट कार्यालयाने टेनोफोविरवरील मूळ कंपनीचे पेटंट अर्ज फेटाळले. त्या अर्जांना हरकत घेणाऱ्यांत औषध उत्पादकांबरोबर रुग्णांच्या संघटनाही होत्या. पुढे शासकीय केंद्रांतून मोफत मिळणाऱ्या उपचारात टेनोफोविर आले आणि आज टेनोफोविर, लॅमिव्ह्युडीन व डॉल्युटेग्राविर यांची एकत्रित गोळी हा पहिल्या पसंतीचा उपचार आहे.

ही पार्श्वभूमी सांगण्याचे कारण असे की टेनोफोविरच्या दोषांची चर्चा करताना त्याचे उपकार नजरेआड होऊ नयेत. ज्या औषधाच्या जागी ते आले, त्याच्याहून ते पुष्कळ सौम्य आहे. आणि उपचार न घेतलेला एचआयव्ही स्वतःच मूत्रपिंडांची मोठी हानी करतो.

मूत्रपिंडाची आवक-जावक

प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख नेफ्रॉन म्हणजे गाळणीचे सूक्ष्म घटक असतात. प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक गुच्छ असतो. रक्त तेथे गाळले जाते आणि गाळलेले पाणी पुढे एका लांब, वळणावळणाच्या नलिकेत शिरते. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात, पण लघवी होते ती दीड लिटरच्या आसपास. उरलेले सारे नलिका परत घेतात. या परत घेण्याच्या कामाचा मोठा वाटा नलिकेच्या आरंभीच्या भागाकडे असतो. त्याला समीपस्थ नलिका म्हणतात. गाळले गेलेले जवळजवळ सर्व ग्लुकोज व अमिनो आम्ले, बहुतांश फॉस्फेट आणि सुमारे दोनतृतीयांश मीठ-पाणी येथूनच रक्तात परतते.

या नलिकेच्या पेशी आणखी एक काम करतात. रक्तातील काही औषधे व टाकाऊ द्रव्ये त्या स्वतःहून आत ओढून घेतात आणि दुसऱ्या बाजूने लघवीत सोडतात. एखाद्या पेढीच्या गोदामाला जसे मागच्या गल्लीत माल उतरवून घेणारे दार असते आणि पुढच्या रस्त्यावर माल चढवून देणारे दुसरे दार, तशीच ही रचना आहे. रक्ताच्या बाजूची दारे म्हणजे ओएटी-१ आणि ओएटी-३ या नावांची वाहक प्रथिने. ती टेनोफोविर रक्तातून उचलून पेशीत आणतात. लघवीच्या बाजूला एमआरपी-४ नावाचे वाहक प्रथिन ते बाहेर टाकते. या कामात एमआरपी कुळातील आणखी काही प्रथिनांचा हात असावा, असा संशोधकांचा कयास आहे.

दोन्ही दारांचा वेग जुळलेला असतो तोवर गोदामात माल साचत नाही. आवक जोरात आणि जावक मंद झाली, की टेनोफोविर पेशीतच साठू लागते. समीपस्थ नलिकेच्या पेशींना अहोरात्र काम असल्यामुळे त्यांत ऊर्जा निर्माण करणाऱ्या सूत्रकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, मोठ्या संख्येने असतात. साचलेल्या औषधाचा घाव याच सूत्रकणिकांवर बसतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्या फुगलेल्या आणि वेड्यावाकड्या झालेल्या दिसतात. ऊर्जा कमी पडली की परत घेण्याचे काम ढिले पडते आणि शरीराला हवी असलेली द्रव्ये लघवीवाटे वाहून जाऊ लागतात.

नलिका थकल्यावर

या अवस्थेचे पूर्ण रूप म्हणजे फॅन्कोनी विकार. झ्युरिकचे बालरोगतज्ज्ञ ग्विडो फॅन्कोनी यांच्या नावाने तो ओळखला जातो. टेनोफोविरमुळे तो झाल्याची पहिली नोंद २००२ साली, म्हणजे औषध बाजारात आल्यानंतर अल्पावधीतच, वैद्यकीय नियतकालिकात आली. रक्तातील साखर सामान्य असताना लघवीत साखर उतरते, फॉस्फेट वाहून जाते, प्रथिने झिरपतात, शरीरातील आम्लाचे प्रमाण वाढते. फॉस्फेट सतत गेल्यामुळे हाडे मऊ पडतात. असा रुग्ण पुष्कळदा मूत्रपिंडाची तक्रार घेऊन येतच नाही. तो सांगतो की मांड्यांत त्राण नाही, जिना चढवत नाही, कंबर व बरगड्या दुखतात. मग घरचे म्हणतात वाताचे दुखणे असेल, आणि दुकानातून वेदनाशामक गोळी आणली जाते. हीच गोळी पुढे कशी घातक ठरते, ते खाली येईलच.

पूर्ण स्वरूपाचा फॅन्कोनी विकार विरळा आहे. नलिकेचा सौम्य बिघाड त्याहून अधिक आढळतो आणि तो तपासल्याखेरीज कळत नाही. वेळीच ओळखून औषध बदलले तर बहुतेकांची मूत्रपिंडे सुधारतात; काहींची मात्र पूर्वस्थितीला येत नाहीत. म्हणूनच हा धोका कोणाला अधिक आहे, हे आधी कळले तर बरे, असे डॉक्टरांना वाटणे स्वाभाविक होते.

जनुकांची साक्ष

वाहक प्रथिने कशी घडवायची, याची लिखित आज्ञा जनुकांत असते. एका अक्षराचा फरक पडला तरी दार थोडे अरुंद होऊ शकते, किंवा दारे कमी संख्येने बसवली जाऊ शकतात. असे फरक आजार नसतात. डोळ्यांच्या रंगासारखी ती वैविध्ये असतात. एरवी त्यांचा पत्ताही लागत नाही. विशिष्ट औषध शरीरात आले म्हणजेच ती आपला प्रभाव दाखवतात.

पहिला महत्त्वाचा पुरावा फ्रान्समधून २००६ साली आला. एचआयव्हीच्या ३० रुग्णांची जनुके तपासण्यात आली. त्यांतील १३ जणांना टेनोफोविरमुळे नलिकेचा विकार झाला होता, १७ जणांना झाला नव्हता. एबीसीसी-२ या जनुकातील अक्षरांची एक विशिष्ट जुळणी विकार झालेल्यांत अधिक आढळली. हे जनुक एमआरपी-२ नावाच्या वाहक प्रथिनाचे. यकृतात हेच प्रथिन बिलिरुबीन पित्तात सोडते, आणि ते मुळीच काम करत नसेल तर १९५४ साली वर्णन झालेला, सौम्य पण कायमच्या काविळीचा ड्युबिन-जॉन्सन विकार होतो.

३० रुग्ण ही संख्या लहान. २००९ साली स्पेनमधील संशोधकांनी ११५ रुग्ण तपासले. त्याच जनुकाच्या आरंभाजवळील एका ठिकाणी ‘सी’ हे अक्षर आई आणि वडील दोघांकडूनही आलेले ६८ जण होते. त्यांतील १६ जणांच्या, म्हणजे सुमारे २४ टक्क्यांच्या, नलिकांत बिघाड आढळला. उरलेल्या ४७ जणांत असे फक्त ३ निघाले, म्हणजे सुमारे ६ टक्के. वाढते वय आणि कमी वजन हेही त्याच अभ्यासात स्वतंत्र धोके ठरले. पुढे २०१२ साली जपानमध्ये १९० रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांतील १९ जणांना नलिकेचा बिघाड होता आणि तेथेही बोट एबीसीसी-२ कडेच दाखवले गेले.

मात्र येथे एक कोडे आहे. प्रयोगशाळेत पाहता एमआरपी-२ हे प्रथिन टेनोफोविर वाहून नेत असल्याचे दिसत नाही. मग त्याच्या जनुकातील फरकाने टेनोफोविरचा त्रास का वाढावा? एक तर्क असा की हे प्रथिन शरीरातील दुसरे एखादे द्रव्य बाहेर टाकत असेल आणि ते साचल्याने टेनोफोविरची वाट अडत असेल. दुसरा तर्क असा की खरा दोषी शेजारचा एखादा जनुकीय फरक असून एबीसीसी-२ मधील अक्षर त्याच्यासोबत वारशाने येत असेल. याचा अंतिम निवाडा झालेला नाही.

एमआरपी-४ विषयीची साक्ष अधिक सरळ आहे. ज्या उंदरांत हे प्रथिन नव्हते त्यांच्या मूत्रपिंडांत टेनोफोविर अधिक साचल्याचे २००७ साली दाखवून देण्यात आले. त्याचे जनुक एबीसीसी-४. त्यातील एका फरकाच्या रुग्णांत पेशींच्या आतील औषधाचे प्रमाण अधिक असल्याचेही दिसले आहे. २०११ साली एमआरपी-७ या तिसऱ्या वाहकाच्या, म्हणजे एबीसीसी-१० जनुकातील फरकांचाही संबंध मांडला गेला. एकंदर चित्र असे की जावकेच्या दारांची घडण माणसागणिक वेगळी आहे आणि तिचा औषधाच्या त्रासाशी काही संबंध आहे. आवकेच्या दारांच्या जनुकांबाबत असा ठळक संबंध पुढे आलेला नाही.

चंद्रपूरचा शेतकरी आणि आफ्रिकेचा वारसा

औषध बाजूला ठेवले तरी एचआयव्ही आणि मूत्रपिंड यांच्या नात्यात एका जनुकाचे नाव फार मोठे आहे. त्याचे नाव एपीओएल-१. या जनुकाचे प्रथिन रक्तात फिरते आणि ट्रिपॅनोसोमा या परजीवींना मारते. आफ्रिकेत त्से-त्से माशीमुळे पसरणारा निद्रारोग याच परजीवींच्या काही जातींमुळे होतो. त्यांतील एक जात या प्रथिनाला दाद देत नाही. तिच्यावरही मात करणारे दोन जनुकीय बदल पश्चिम आफ्रिकेत गेल्या काही हजार वर्षांत पसरले. पण या संरक्षणाची किंमत आहे. २०१० साली संशोधकांनी दाखवून दिले की हे बदल आई-वडील दोघांकडूनही आलेल्या व्यक्तीस मूत्रपिंडाच्या विकाराचा धोका कितीतरी वाढतो. अशा कृष्णवर्णीय अमेरिकनांत एचआयव्हीमुळे होणाऱ्या एका विशिष्ट मूत्रपिंडविकाराचा धोका सुमारे २९ पट आढळला. सुमारे १३ टक्के कृष्णवर्णीय अमेरिकनांत हे बदल दुहेरी असतात.

या कथेला महाराष्ट्राचा एक धागा आहे. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला वारंवार ताप येऊ लागला आणि त्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा सापडले. ही जात गुराढोरांना, उंटांना बाधणारी. माणसाला ती बाधत नाही, असा समज होता. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी ही घटना जगापुढे मांडली. सुरामीन या जुन्या औषधाने रुग्ण बरा झाला. पुढे २००६ साली कळले की त्याच्या शरीरात एपीओएल-१ चे प्रथिन तयारच होत नव्हते. जनुकाच्या दोन्ही प्रतींत खोट होती. साहजिकच संशोधकांनी त्याची मूत्रपिंडे तपासली. ती ठणठणीत होती.

या एका माणसामुळे मोठे सत्य उघड झाले. हे प्रथिन मुळीच नसले तरी मूत्रपिंडाला बाधा होत नाही. म्हणजे आफ्रिकी वंशाच्या रुग्णांत हानी होते ती प्रथिनाच्या अभावाने नव्हे, तर बदललेल्या प्रथिनाच्या उपद्रवाने. उपद्रव देणाऱ्याला रोखणारे औषध शोधता येईल, या आशेला त्यातून बळ मिळाले. ते धोक्याचे बदल आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळतात, भारतीयांत ते सहसा दिसत नाहीत. म्हणून आपल्याकडील रुग्णांनी परदेशी माहिती वाचून याची धास्ती घेण्याचे कारण नाही.

आडनावावरून औषध ठरते काय?

आपापसांत सोयरिकी करणाऱ्या समाजांत काही जनुकीय फरक एकवटतात. व्यापारी समाजांपैकी आंध्र प्रदेशातील आर्य वैश्य समाजाचे उदाहरण भूलतज्ज्ञांना चांगले ठाऊक आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करण्यासाठी दिले जाणारे सक्सिनिलकोलीन हे औषध मोडणारे विकर या समाजातील काहींच्या शरीरात जवळजवळ नसते. एरवी त्यांना कसलाही त्रास नसतो, पण हे इंजेक्शन दिल्यावर काही मिनिटांत परतायला हवा तो श्वास तासन्‌तास परतत नाही. त्यामुळे जाणकार भूलतज्ज्ञ अशा रुग्णाकडे आवर्जून कौटुंबिक इतिहासाची चौकशी करतात.

यावरून प्रत्येक औषधाचा निर्णय जातपात पाहून करावा, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. टेनोफोविरबाबत एखाद्या भारतीय समाजावर तसे बोट ठेवता येईल, असा पुरावा नाही. या उदाहरणातून घ्यायचे ते इतकेच, की रक्ताच्या नात्यात कोणाला एखादे औषध विचित्र बाधले असेल तर ती माहिती लपवून न ठेवता डॉक्टरांना सांगावी.

मग जनुकीय चाचणी का करत नाहीत?

स्पेनच्या अभ्यासातील आकडे पुन्हा पाहावेत. धोक्याचे मानलेले अक्षर दुहेरी असलेल्या ६८ जणांत १६ जणांना त्रास झाला. म्हणजे ५२ जणांना झाला नाही. या चाचणीवर विसंबून औषध नाकारले असते तर या ५२ जणांचे चांगले औषध विनाकारण गेले असते. आणि ज्यांना अभय दिले असते, त्या ४७ जणांतही तिघांना त्रास झालाच असता. शिवाय या अभ्यासांतील रुग्ण थोडे आहेत आणि निरनिराळ्या देशांतील निष्कर्ष एकमेकांशी पूर्णपणे जुळत नाहीत.

उपयोगी चाचणी कशी असते, हे ॲबाकाविर या एचआयव्हीच्याच दुसऱ्या औषधावरून कळते. काही रुग्णांना या औषधाची प्राणघातक ॲलर्जी होत असे. २००२ साली तिचा संबंध एचएलए-बी ५७:०१ या जनुकीय प्रकाराशी असल्याचे दिसले. २००८ साली १,९५६ रुग्णांच्या चाचणीत, आधी जनुक तपासून मगच औषध दिलेल्या गटात त्वचाचाचणीने सिद्ध झालेली ॲलर्जी एकालाही झाली नाही. न तपासलेल्या गटात ती २.७ टक्के होती. तेव्हापासून ॲबाकाविरआधी ही चाचणी करण्याची शिफारस आहे. टेनोफोविरची जनुके अजून या कसोटीस उतरलेली नाहीत. त्यामुळे खासगी प्रयोगशाळांनी ‘तुमचे औषध, तुमची जनुके’ अशी जाहिरात केली तरी केवळ टेनोफोविरसाठी हजारो रुपये खर्च करण्याची आज गरज नाही.

जनुकांच्या शोधाने एक फायदा मात्र नक्की झाला आहे. हानी कोणत्या दाराशी होते हे कळल्यामुळे, ती टाळण्याचे साधे उपाय कोणते, हेही अधिक स्पष्ट झाले.

अहवालातील आकडा

मूत्रपिंडाची नेहमीची तपासणी म्हणजे रक्तातील क्रिएटिनीन. परंतु हा एकटा आकडा फसवा असतो. क्रिएटिनीन स्नायूंतून येते. ज्याचे स्नायू कमी, त्याचे क्रिएटिनीन मूत्रपिंड बिघडूनही ‘सामान्य’ दिसते. डॉक्टर वापरतात ते एक जुने सूत्र असे: १४० मधून वय वजा करावे, उरलेल्यास वजनाने गुणावे, आणि ७२ गुणिले क्रिएटिनीन या संख्येने भागावे, स्त्री असल्यास उत्तराला ०.८५ ने गुणावे.

समजा दोघांचे क्रिएटिनीन १.१ आहे. ३५ वर्षांच्या, ७५ किलो वजनाच्या पुरुषाचे उत्तर मिनिटाला सुमारे ९९ मिलिलीटर येते. ६० वर्षांच्या, ४२ किलो वजनाच्या स्त्रीचे उत्तर येते सुमारे ३६. अहवालातील आकडा एकच, पण पहिल्याची मूत्रपिंडे सुस्थितीत आहेत आणि दुसरीला टेनोफोविर नेहमीच्या पद्धतीने देणे योग्य नाही. साधारण ५० च्या खाली गेल्यास डॉक्टर दुसऱ्या औषधाचा किंवा मात्रेचा विचार करतात. आपल्याकडील अनेक रुग्णांचे, विशेषतः स्त्रियांचे, वजन कमी असते, म्हणून हे गणित त्यांच्यासाठी फार मोलाचे आहे.

उलट प्रकारही घडतो. डॉल्युटेग्राविर सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनीन किंचित वाढते. हे औषध क्रिएटिनीनला नलिकेतून बाहेर सोडणारे दार थोडे अडवते. मूत्रपिंडाची हानी करत नाही. ही किरकोळ वाढ तेथेच थांबते. ती पाहून घाबरून गोळी बंद करणे ही मोठी चूक ठरेल.

नलिकेच्या बिघाडाची चाहूल लघवीच्या साध्या तपासणीतही लागते. मधुमेह नसताना लघवीत साखर किंवा प्रथिने आढळणे आणि रक्तातील फॉस्फेट उतरणे या खुणा आहेत. मात्र मधुमेहावरील काही नवी औषधे मुद्दामच लघवीतून साखर बाहेर टाकतात. ती घेणाऱ्याने तसे डॉक्टरांना सांगावे.

गरज पडल्यास पर्यायही आहे. टेनोफोविर अलाफेनामाइड हे त्याच औषधाचे नवे रूप २०१५ साली उपचारात आले. जुन्या रूपाची मात्रा ३०० मिलिग्रॅम, याची २५ किंवा त्याहून कमी. हे रूप पेशींत पोचूनच खुले होते, त्यामुळे रक्तातील टेनोफोविर सुमारे ९० टक्के कमी राहते आणि मूत्रपिंडांच्या दारी जाणारा मालच घटतो.

घरातील मौन

मूत्रपिंडे बिघडण्याचे एक कारण कोणत्याही जनुकात सापडणार नाही. ते घरातील आणि बाजारातील मौनात आहे. एचआयव्ही असल्याचे कळले तर मुलीची सोयरीक मोडेल, पेढीची पत जाईल, भागीदार दुरावेल, या भयाने मनुष्य औषधाची बाटली लपवतो. मग कंबर दुखली की घरचा डॉक्टर डायक्लोफिनॅक लिहून देतो, कारण रुग्ण टेनोफोविर घेतो हे त्याला ठाऊकच नसते. हे वेदनाशामक मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवते आणि टेनोफोविरच्या बाहेर पडण्यातही अडथळा आणू शकते. दोन्ही एकत्र आल्याने मूत्रपिंडे अचानक निकामी होऊ लागल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. घटक न छापलेल्या पुड्या व भस्मे, अतिसारात झालेला पाण्याचा शोष, यांचेही तसेच. निर्जळी उपवास करणाऱ्या रुग्णाने उपवासाआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा तो याचसाठी.

सर्वांना सांगण्याची गरज नाही. कायदाही तशी सक्ती करत नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. आजाराच्या कारणावरून नोकरी, शिक्षण, उपचार वा निवारा नाकारणे त्याने बेकायदा ठरवले आहे आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली आहे. १०० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला तक्रार निवारणासाठी अधिकारी नेमावा लागतो. ज्या घरांचे कारखाने, गिरण्या, दुकानांच्या साखळ्या आहेत, त्यांनी ही तरतूद वाचून ठेवावी. सहा महिन्यांतून एकदा तपासणीसाठी अर्धा दिवस मागणाऱ्या कामगाराला कारण न विचारता रजा मिळाली, तर त्याची मूत्रपिंडे वाचू शकतात.

पण उपचार करणाऱ्या प्रत्येक डॉक्टराला आणि औषध देणाऱ्याला मात्र सांगितलेच पाहिजे. त्यासाठी आजाराचे नाव उच्चारणे जड वाटत असेल, तर ‘टेनोफोविर चालू आहे’ इतके तीन शब्दही पुरेसे आहेत. कागदावर लिहून खिशात ठेवले तरी चालते.

आणि शेवटी सर्वांत महत्त्वाचे. मूत्रपिंडाच्या धास्तीने गोळी आपल्या मनाने बंद करू नये. बंद केल्यास विषाणू उसळतो. ‘ब’ कावीळही सोबत असेल तर यकृताचा गंभीर दाह होऊ शकतो. तपासणी वेळेवर करावी, वजन व वय सांगून पूर्ण हिशोब करून घ्यावा, घेत असलेली सर्व औषधे डॉक्टरांपुढे मांडावीत. आई-वडिलांकडून आलेली जनुके बदलता येत नाहीत. ती कशीही असली तरी वर्षातून दोनदा रक्त-लघवी तपासून घेणे आणि डॉक्टरांपासून काही न लपवणे प्रत्येकाच्या हाती आहे, आणि बहुसंख्य रुग्णांची मूत्रपिंडे सुरक्षित राहण्यास तेवढे पुरते.